बाळ-बाळंतिणीला तेल लावायला बाई कशी पारखायची? (कोथरूड, पुणे)

ओली_हळद | सोमवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. गेली चार वर्षं इथे नुसती वाचते, लिहायची पहिलीच वेळ. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

आठवा महिना लागलाय. आई सांगलीला असते. ती येऊन राहील, पण तिचे गुडघे गेलेत, खाली बसून बाळाला पायावर घेणं तिला जमायचं नाही. सासूबाई अजून नोकरी करतात. तेव्हा रोज सकाळी येऊन दोघांना तेल लावून अंघोळ घालणारी बाई हवी, यावर घरात एकमत झालं. एकमत तिथेच संपलं.

आतापर्यंत तिघीजणी बघितल्या. पहिल्या मावशींनी आमच्या सोसायटीतली निम्मी पोरं न्हाऊमाखू घातलीत. वय साठीच्या पुढे, जो तो म्हणतो "काय हात आहे!" त्यांना भेटले तर म्हणाल्या, "बाळाचं नाक बसकं निघालं तरी काळजी करू नका, सव्वा महिन्यात सरळ करून देते." दुसरी एका ब्यूरोची, पंचविशीतली, सर्टिफिकेट लॅमिनेट करून आणलेलं. कोर्स किती दिवसांचा, ते त्यावर कुठेच नाही. तिसऱ्या शेजारच्या काकूंच्या ओळखीच्या. फार बोलत नाहीत. दर सांगितला, रिकाम्या वेळा सांगितल्या आणि एवढंच विचारलं, "डॉक्टर कोणते? त्यांनी काय सांगितलंय?"

पहिल्या मावशी दोघांचे मिळून रोजचे सहाशे म्हणतात, तिसऱ्या पाचशे. ब्यूरोचे महिन्याला वीस हजार, वर त्यांचं कमिशन. सासूबाईंचं मत पहिल्या मावशींना, नवऱ्याचं सर्टिफिकेटला. मला काहीच कळत नाहीये. तुम्ही कसं ठरवलंत?

कर्वे_रस्ता_कडेकडेने | सोमवार, रात्री ११:१५

नाक सरळ करून देते म्हणणाऱ्या बाईला लांबूनच नमस्कार करा.

आमचा अनुभव सांगतो. मुलगा जन्मला तेव्हा पाचव्या-सहाव्या दिवशी त्याची छाती दोन्ही बाजूंनी जरा फुगल्यासारखी झाली. आमच्याकडे यायच्या त्या मावशी म्हणाल्या, "दूध साठलंय, काढावं लागतं, नाहीतर गाठ राहते." आणि अंगठ्याने दाबून दाबून काढलं. पोर ओरडत होतं, आम्ही दोघं दाराशी उभे, आणि माझी आई सांगतेय, "रडू दे, फुप्फुसं मोकळी होतात." तिसऱ्या दिवशी एक बाजू लालभडक, गरम. बारा दिवसांच्या पोराच्या छातीला चीर देऊन पू काढला आणि हातात सलाईनची सुई. ते दृश्य अजून डोळ्यांपुढून जात नाही.

त्या बाईंवर माझा राग नाही. त्यांना कोणी तसंच शिकवलं होतं. राग माझ्यावर आहे, दाराशी उभा राहिलो म्हणून.

परिचारिका_२२ | सोमवार, रात्री ११:५०

कर्वे_रस्ता, वाचून पोटात गोळा आला. दुर्दैवाने नवजात बाळांच्या वॉर्डात हे मी बऱ्याचदा पाहिलंय.

आईची हार्मोन्स पोटात असतानाच बाळाकडे गेलेली असतात, त्यामुळे जन्मानंतर मुलगा असो की मुलगी, छाती थोडी फुगू शकते. दुधाचा एखादा थेंबही येतो. काही आठवड्यांत आपोआप उतरते. पिळलं की जंतुसंसर्गाला दार उघडून दिलं म्हणून समजा.

नाक ओढून सरळ होत नाही आणि डोकं थापून गोल होत नाही. टाळूवर तेल थापून टाळू भरतही नाही. पुढची टाळू साधारण एक ते दीड वर्षात स्वतःच भरते, तेल घाला किंवा घालू नका. हलक्या हाताने तेल लावायला हरकत नाही, दाबायची मात्र नाही. नाकाकानात तेलाचा थेंब नको, नाकात फुंकर नको. बेंबीची नाळ गळेपर्यंत कोरडी ठेवायची; त्यावर तेल, हळद, पावडर काही नको, तोवर नुसतं पुसून घेतलं तरी चालतं. पाय धरून उलटं करणं, हवेत झुलवणं, मान न धरता एका हातावर फिरवणं, हे दिसलं तर त्याच दिवशी बाईंना चहा पाजून हिशेब करून टाका.

आणि कणकेचा गोळा. बाळाच्या अंगावरची लव काढायला तेलात भिजवलेला कणकेचा गोळा घासतात ना, तो. ती लव काही आठवड्यांत झडतेच. घासून मिळतं काय तर पुरळ.

बीसीजीची लस जन्मतः डाव्या दंडावर देतात. दोन-चार आठवड्यांनी तिथे पुळी येते, कधी फुटते, सुकते. ती यायलाच हवी. कितीतरी मावशी "गळू झालंय" म्हणून तिला तेल चोळतात नाहीतर दाबतात. तुमच्या तिन्ही उमेदवारांना हा एकच प्रश्न विचारा: दंडावर पुळी आली तर काय करता? उत्तरावरून बरंच कळेल.

निवांत_आजी | मंगळवार, सकाळी ६:२०

माझी तीन मुलं आणि पाच नातवंडं कढत पाण्यावर आणि तेलावरच वाढली. सगळी हातीपायी धड आहेत, नाकंही आहेत तशी बरी आहेत. तुम्ही मुली आता मालिशवालीची मुलाखत कलेक्टरच्या वर घ्यायला लागलात. (हलके घे गं ओली_हळद.)

थट्टा सोडून सांगते. हात बघायचा असेल तर स्वतःच्या पाठीवर बघ. बाळ व्हायच्या आधी एकदा बोलाव, पाठ आणि खांदे चोळून घे, त्याचे पैसे दे. चांगल्या बाईचा तळवा अंगाला सबंध टेकतो, बोटांची टोकं टोचत नाहीत. तेल आधी स्वतःच्या हातावर चोळून कोमट करून मगच ती अंगाला हात लावते. बाटली उपडी करून थेट पाठीवर धार सोडणारी बाई मला तरी पटत नाही. आणि मध्येच "जरा हळू" म्हणून बघ. लगेच हळू झाली तर ठीक. "एवढं तर लागणारच, त्याशिवाय वात कसा निघेल" म्हणाली की समजायचं, बाळ रडलं तरी ही हेच म्हणणार.

शेक-शेगडीचं मात्र मी माझं मत बदललंय. आमच्या वेळी खाटेखाली कोळशाची शेगडी आणि वर ओवा, बाळंतशेपा. पण आमच्या घराला कौलं होती, वारा चारी बाजूंनी. तुमच्या त्या बंद, काचा लावलेल्या बेडरूममध्ये कोळसा नकोच. माझ्या भाचीला गरगरून उलट्या झाल्या होत्या, नशीब वेळेवर दार उघडलं.

परिचारिका_२२ | मंगळवार, सकाळी ७:०५

आजी, हळू म्हणून बघायची परीक्षा फार आवडली. कोळशाबद्दल तर दुप्पट सहमत. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणसाला कळतही नाही. धुरीचा धूर तान्ह्याच्या छातीलाही चांगला नाही. आईला शेक हवाच असेल तर गरम पाण्याची पिशवी, तीही कापडात गुंडाळून.

एडिसनकर | मंगळवार, सकाळी ८:३०

न्यू जर्सीत माझी आई सहा महिन्यांसाठी आली होती. तिने ओव्याची धुरी दिली आणि अख्ख्या बिल्डिंगचा फायर अलार्म वाजला. बाळंतीण चादर गुंडाळून पार्किंगमध्ये, बाळ दुपट्यात, आणि दोन बंब. तो धूर कशाचा, हे त्या फायरमनला इंग्रजीत समजावताना मी जन्मभराचे वैद्यकशास्त्र खर्च केले. :)

इथे मालिशवाली मिळणं कठीण. मग आईने खुर्चीवर बसून सूचना दिल्या आणि हात माझे. पहिले चार दिवस तेलकट बाळ हातातून सुटेल या भीतीने मलाच घाम. पाचव्या दिवसापासून जमलं. आडव्या धाग्याबद्दल माफी, पण बाई न मिळाल्यास बाबा हा पर्यायही यादीत असू द्या. बाबाला रोजचे पाचशे द्यावे लागत नाहीत.

सासरची_धाकटी | मंगळवार, सकाळी १०:१०

बाबा बाळाला लावेल हो, बाळंतिणीच्या कंबरेचं काय? दिवसभर पाजून पाजून पाठ मोडते, तेव्हा त्या अर्ध्या तासाची वाट बघत असते बाई. माझ्या दुसऱ्या वेळी तेच अर्धा तास होते जेव्हा कोणी माझ्याकडे बाळाची आई म्हणून नाही, नुसती दुखणारी पाठ म्हणून बघायचं. स्वर्ग!

ओली_हळद, सिझर झालं तर पोटाला आणि टाक्यांच्या जवळपास कोणालाही हात लावू देऊ नकोस, डॉक्टर हो म्हणेपर्यंत. मला सहा आठवड्यांनी तपासून मगच परवानगी दिली. पाठ, खांदे, हात-पाय त्याआधी चालले, पण तेही विचारूनच. आणि पोट "बसवायला" नऊवारी करकचून बांधणाऱ्या मावशी असतात, त्यांना आधीच सांगून ठेव.

शून्य_मिनिटे | मंगळवार, सकाळी ११:४५

मालिशचा विषय निघालाच आहे तर: माझी कंबर दोन महिने दुखतेय, उजव्या पायात मुंग्या येतात. कोथरूडमध्ये चांगला जोरदार मालिश करणारा माणूस आहे का कोणी?

परिचारिका_२२ | मंगळवार, दुपारी १२:२०

अवांतर, पण उत्तर देते. पायात मुंग्या आहेत म्हणजे जोरदार मालिश नको, आधी हाडांच्या डॉक्टरांना दाखवा, मग फिजिओथेरपिस्ट. महाराष्ट्रात फिजिओथेरपिस्टची नोंदणी करणारी परिषद आहे, नोंदणी क्रमांक विचारता येतो. मालिश करणाऱ्याला अशी कुठली नोंदणी सक्तीची नाही, त्यामुळे तिथे सर्टिफिकेटची फ्रेम बघून फार हुरळून जाऊ नये. पाय लुळा पडला, लघवीवरचा ताबा सुटतोय असं वाटलं तर वाट न बघता त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.

आणि केस कापल्यावर मान कडकन मोडून देणाऱ्यांना "नको" म्हणायची सवय लावा. मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीला त्या झटक्याने इजा होऊ शकते.

शून्य_मिनिटे | मंगळवार, दुपारी १२:३१

गेली वीस वर्षं दर महिन्याला मान मोडून घेतोय. आता खुर्चीत बसायचीच भीती वाटणार. धन्यवाद (?)

मावशीची_लेक | मंगळवार, रात्री ९:३५

लिहू की नको असा दिवसभर विचार केला. माझी आई हेच काम करायची. पंचवीस वर्षं, आधी शनिवार-नारायण पेठेत, मग एरंडवण्यात. मी शिकले ती या पैशांवर.

तुम्ही सगळे बाई पारखताय, ते बरोबरच आहे. पण बाईसुद्धा घर पारखते. पहाटे साडेपाचला उठून दुपारी दोनपर्यंत पाच घरं. प्रत्येक घरी उकिडवं बसायचं, पाय लांब करून तासभर तसंच राहायचं. आता आईच्या दोन्ही अंगठ्यांचे सांधे सुजलेत, डबा उघडता येत नाही. पन्नास आयांच्या कंबरा तिने चोळल्या, तिच्या कंबरेला हात कोण लावणार?

जास्त जोर लावते ती चांगली, असा लोकांचा समज असतो. आईला तर एका घरी तोंडावर सांगितलं होतं, "तुमच्या हाताने बाळ रडतच नाही, म्हणजे नीट लागत नसेल." दुसऱ्या दिवसापासून त्यांनी दुसरी बाई लावली. मावश्या नाक ओढतात, दूध पिळतात, कारण घरातली मोठी माणसं तेच मागतात. नाही केलं तर "हिला काही येत नाही." आईने नाक ओढायचं सोडलं ते एका डॉक्टरबाईंनी तिला समोर बसवून, चहा देऊन, नीट समजावलं तेव्हा. घरातल्या कोणी तोपर्यंत तिला काही समजावलं नव्हतं, नुसतं मागितलं होतं किंवा नुसतं झापलं होतं.

एक गोष्ट मात्र नक्की करा. बाईला सर्दी-ताप असेल त्या दिवशी येऊ नको म्हणा आणि त्या दिवसाचे पैसे कापू नका. पैसे कापले तर ती क्रोसिन खाऊन येणार. माझी आई गेलीय तशी. पाच घरांत तान्ही बाळं आणि हिच्या अंगात ताप. तिची चूक होतीच, पण घरभाडं त्या पैशांतूनच जायचं.

बाकी बांगड्या-अंगठ्या काढते का, नखं कापलेली आहेत का, कोपरापर्यंत साबणाने हात धुते का, तोंडात मिश्री-तंबाखू आहे का, हे तुम्ही बघालच. हात धुवायला वेगळा साबण आणि स्वच्छ टॉवेल आधीच काढून ठेवा. बाथरूम दाखवताना तोंड वाकडं केलंत की पुढचं सगळं बिघडतं.

निवांत_आजी | मंगळवार, रात्री १०:०५

पोरी, तुझ्या आईला माझा नमस्कार सांग. "बाळ रडत नाही म्हणजे नीट लागत नाही" हे वाक्य मी स्वतः बोललेली आहे. एकदा नाही, दोनदा.

उंडेल | बुधवार, सकाळी ९:००

तेलाबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून. आमच्या कोकणात बाळाला खोबरेल. उंडीचं तेल म्हाताऱ्यांच्या सांध्यांना, बाळाला नव्हे, वासानेच पळेल ते. पुण्याच्या थंडीत लोक तिळाचं लावतात. मोहरीचं तेल तान्ह्याला नको असं आमच्या डॉक्टरांनी सांगितलं, कातडीला झोंबतं. तेल आपलं आपण आणून द्यावं. बाईच्या पिशवीतली "खास औषधी" बाटली घेऊ नये, त्यात काय आहे ते तिलाही माहीत नसतं.

पाजल्यावर लगेच तेल लावलं की सगळं दूध बाहेर. पाऊण तास जाऊ द्या मध्ये. पाणी कोपराला लावून बघा, बाईने बघितलं असलं तरी.

परिचारिका_२२ | बुधवार, सकाळी ९:४०

बरोबर. पुष्टी म्हणून सांगते: मुदतीत जन्मलेल्या, निरोगी बाळाला हलका मसाज द्यायला हरकत नाही, त्याच्या वाढीला फायदा होऊ शकतो, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या शिफारशींतही आहे. "मुदतीत" आणि "निरोगी" हे दोन शब्द विसरू नका. लवकर जन्मलेलं, कमी वजनाचं बाळ असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय बाई लावूच नका.

बाळंतिणीसाठी एक. बाळंतपणानंतरचे पहिले सहा आठवडे पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी व्हायचा धोका जास्त असतो. एकाच पायाची पोटरी सुजली, गरम लागली, दुखली तर ती अजिबात चोळायची नाही. गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतू शकतं.

ओली_हळद | बुधवार, रात्री ११:२०

सगळ्यांचे आभार. आज तिघींना पुळीचा प्रश्न विचारला. पहिल्या मावशी: "हळदीचा लेप लावते, दोन दिवसांत बसते." ब्यूरोची: "मॅडम, ते आमच्या सिलॅबसमध्ये नाही." तिसऱ्या: "ती लसीची असते, तिकडे हात जाऊ द्यायचा नाही."

शनिवारी तिसऱ्यांना पाठ चोळायला बोलावलंय. आजींची "जरा हळू" परीक्षा घेणार आहे. सासूबाई फुरंगटल्यात, पण त्यांना मावशीची_लेकचा प्रतिसाद वाचायला दिला. काही बोलल्या नाहीत. चष्मा पुसत बसल्या.

ओली_हळद | नऊ आठवड्यांनंतर, दुपारी ३:१०

धागा वर काढते आहे. मुलगी झाली, सिझर. दोघी बऱ्या आहोत.

त्याच मावशी येतात. पहिल्या दिवशी त्यांनी बाळाला हात लावायच्या आधी माझा डिस्चार्ज कागद मागितला आणि मुलाकडून, म्हणजे माझ्या नवऱ्याकडून, वाचून घेतला. मग पायावर घेतलं. मुलगी पहिले दोन दिवस रडली, तर त्या प्रत्येक वेळी थांबल्या, दुपट्यात गुंडाळून माझ्याकडे दिली, पाजून झाल्यावर "आज एवढंच" म्हणून पुसून घेतलं. सासूबाईंना ते कामचुकारपणा वाटलं होतं. तिसऱ्या दिवशी मुलगी पायावर झोपली. तोंड उघडं, दोन्ही हात पसरलेले, आणि मावशी तिच्या तळपायावर अंगठा फिरवतायत, आवाज नाही काही नाही.

नवव्या दिवशी माझे पाय चोळताना डाव्या पोटरीवर हात ठेवला आणि काढून घेतला. "ताई, ही पोटरी कडक लागतेय, त्या पायापेक्षा जाड वाटतेय. मी हात लावणार नाही, आधी दाखवून या." मला तर जाणवलंही नव्हतं. परिचारिका_२२, तुमचा प्रतिसाद आठवला आणि दरदरून घाम फुटला. त्याच दुपारी डॉप्लर, म्हणजे पायाच्या शिरांची सोनोग्राफी, केली. गुठळी नव्हती, स्नायू आखडला होता. सासरे म्हणाले, "फुकट धावपळ झाली." नवरा म्हणाला, "बाबा, असू द्या."

मोहरीची उशी मात्र सासूबाईंनी हौसेने शिवलीच. डॉक्टरांनी पाळण्यात कुठलीच उशी नको सांगितलंय, म्हणून ती सध्या बेडरूमच्या दाराला अडकण म्हणून लावली आहे. फार चांगली टिकते.

सासरची_धाकटी | त्याच दिवशी, दुपारी ३:२५

अभिनंदन!! मावशींचा नंबर व्यनि (खासगी निरोप) कर ना, जावेला सातवा लागलाय.

ओली_हळद | दुपारी ३:४०

त्यांना विचारून मग देते. सकाळची एकच वेळ रिकामी आहे म्हणत होत्या, साडेअकराची. आणि चौथ्या मजल्याच्या वर लिफ्ट नसेल तर येत नाहीत, ते जावेला आधीच सांग.